पिटुकली आणि जिन्याचं फाटक

एक होतं मांजराचं पिल्लू. नाव पिटुकली. माडीवरचं बाळ तिचं अगदी लाडकं. दोघं दिवसभर लोळायची.

एकदा बाळ रांगत रांगत जिन्याच्या काठाशी गेलं. आई धावत आली. तिनं बाळाला उचललं, खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाळ आत. पिटुकली बाहेर.

पिटुकली म्हणाली, "दारदादा, उघड ना. मी बाळाकडे जाऊ कशी?"

दार म्हणालं, "मी नाही उघडणार. बाळ जिन्यावरून गडगडेल. फाटक उभं राहिलं, तर उघडेन."

निघाली पिटुकली. टुपटुप टुपटुप.

भिंतीशी होतं फाटक. नवं कोरं, उभ्या गजांचं.

"फाटकदादा, उभं राहा ना. दार उघडेना. मी बाळाकडे जाऊ कशी?"

फाटक म्हणालं, "मी नाही उभं राहणार. नुसतं टेकून राहिलं आणि बाळानं ढकललं, तर मी धडाम! स्क्रू भिंतीत बसला, तर उभं राहीन."

टुपटुप टुपटुप.

डब्यात होता स्क्रू.

"स्क्रूदादा, बस ना. फाटक उभं राहीना, दार उघडेना. मी बाळाकडे जाऊ कशी?"

स्क्रू म्हणाला, "मी नाही बसणार. मला एकट्याला कुठं फिरता येतं? सुतारकाकांनी पिळलं, तर बसेन."

टुपटुप टुपटुप, जिना उतरून खाली.

सुतारकाका बशीतला चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"काका, पिळा ना. स्क्रू बसेना, फाटक उभं राहीना, दार उघडेना. मी बाळाकडे जाऊ कशी?"

काका म्हणाले, "मी नाही पिळणार. गजांत बाळाचं डोकं अडकलं, तर? वहिनींनी बघितलं, तर पिळेन."

टुपटुप टुपटुप, पुन्हा वर. आई तर दाराच्या आत.

"आई, बघ ना. काका पिळेनात, स्क्रू बसेना, फाटक उभं राहीना, दार उघडेना. मी बाळाकडे जाऊ कशी?"

आई आतून म्हणाली, "मी नाही बघणार. बाळ रडतंय. बाळ हसलं, तर बघेन."

"बाळा, हस ना. आई बघेना, काका पिळेनात, स्क्रू बसेना, फाटक उभं राहीना, दार उघडेना. मी तुझ्याकडे येऊ कशी?"

बाळ तर पिटुकलीसाठीच रडत होतं.

दाराखाली होती फट. पिटुकलीनं फटीतून पंजा आत घातला. इकडे हलवला, तिकडे हलवला.

बाळ खुदकन हसलं.

आईनं बाळाला खोलीतल्या बाबांकडे दिलं. बाहेर येऊन दार लावलं. बाळाची वाटी गजांत घालून बघितली. वाटीच जाईना, तर डोकं कुठून जाणार?

आईनं बघितलं. काकांनी वर येऊन पिळलं. करकर करकर. पिटुकली घाबरून दोन पायऱ्या खाली पळाली. स्क्रू बसला. फाटक उभं राहिलं. कडी लागली, खट्. दार उघडलं.

बाळ रांगत आलं. फाटक धरून गदागदा हलवलं. फाटक ढिम्म.

पण पिटुकली? ती तर जिन्याच्या बाजूला. तिचं तोंड एवढंसं झालं.

तिनं गजांत डोकं घातलं. मिशा गेल्या. पोट गेलं. शेपटी गेली. सुळकन!

बाळ आत. पिटुकली पण आत. गोष्ट तेवढी गेली बाहेर, कडी लावून. खट्.