बाईंच्या गाडीचं निम्मं तेल

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव सर्जेराव. त्याला एक बायको होती. ती फार हुशार होती. हे मी खात्रीनं सांगते, कारण ती मीच. घरी मी त्याला अहोजाहो करते, पण गोष्टीत केलं तर हसू येत नाही.

सर्जेराव डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात कामाला होता. झाडलोट करायची, नंबर पुकारायचे, बाईंची गाडी धुवायची. मी तिथंच केसपेपर लिहायचे आणि बाईंचा स्वयंपाक बघायचे.

बाईंचं वय बहात्तर. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं क्लच दाबणं जमायचं नाही. म्हणून त्यांची गाडी आपोआप गिअर बदलणारी. खिंडीपलीकडच्या वाड्यांवर पेशंट बघायला बाई एकट्या त्याच गाडीनं जायच्या. पण गाडीही एकोणीस वर्षांची झाली होती. खिंडीत धक्के द्यायची. गिअर बदलायच्या आधी विचार करत बसायची.

ही गोष्ट बाईंच्या मुलाच्या कानावर गेली. शैलेश त्याचं नाव, पुण्याला असतो. त्याचा फोन आला.

"आई, रविवारी येतोय. ती गाडी माझ्यासमोर खिंड चढली पाहिजे. नाही चढली तर दवाखान्याला कुलूप आणि तू पुण्याला."

बाईंनी ऐकून घेतलं. फोन ठेवला आणि म्हणाल्या, "सर्जेराव, दस्तगीर मिस्त्रीला फोन लाव."

आता सर्जेरावची एक सवय सांगते. कुणी काही शिकवलं की तो रुमालाला गाठ मारायचा. विसरू नये म्हणून. आणि तो कधीच विसरायचा नाही. तीच तर अडचण होती.

मिस्त्री फोनवर म्हणाला, "सर्जा, गिअरबॉक्सचं तेल बघ आधी. तेल मोजायची पट्टी ओढून सांग किती आहे."

सर्जेरावनं पहाटे उठून, गार पडलेल्या गाडीची पट्टी ओढली आणि फोन लावला. "मिस्त्री, काठोकाठ आहे. वर चार बोटं जास्तच."

"गाडी चालू होती?"

"छे! बंद करूनच बघतात की तेल."

"ते इंजिनचं, बाबा! गिअरबॉक्सचं वेगळं. गाडी चालू पाहिजे, चांगली गरम पाहिजे, मग बघायचं. बंद गाडीत खोटं दिसतं."

"बरं," सर्जेराव म्हणाला आणि रुमालाला गाठ मारली.

दुपारी बाई म्हणाल्या, "सर्जेराव, रेडिएटरमधलं पाणी पण बघून ठेव."

सर्जेरावला गाडी चालवता येत नव्हती, गावाचं नशीब. पण चावी फिरवता यायची. त्यानं गाडी चालू केली. वीस मिनिटं तशीच ठेवली. चांगली तापली. मग फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण उघडलं.

पाणी पत्र्यापर्यंत उडालं. सर्जेराव मागं उडी मारून वाचला. माझ्या वाळत घातलेल्या कुरडया वाचल्या नाहीत.

बाई धावत आल्या. "अरे, गरम असताना उघडतात का! आधी हात लावून बघायचं. गरम लागलं तर अर्धा तास थांबायचं. गार झालं की मगच उघडायचं."

"बरं, बाई." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाई वाडीवरून पेशंट बघून आल्या. बाईंच्या बाजूचं दार आतून उघडायचं नाही, बाहेरून उघडायला लागायचं, आणि गुडघ्यामुळं बाईंना पलीकडून उतरता यायचं नाही. ते सर्जेरावचं काम. सर्जेराव आला. दाराला हात लावला. चटका बसला. सर्जेराव घड्याळात बघून पायरीवर जाऊन बसला.

"सर्जेराव, दार उघड."

"अर्धा तास, बाई."

"कसला अर्धा तास?"

"गरम आहे."

"अरे, मी आत आहे!"

"दिसताय की."

आत दवाखान्यात चौदा पेशंट. त्यातले तीन उठून बाहेर आले आणि काचेतून बाईंना जीभ दाखवायला लागले. बाईंनी दोघांना आतूनच गोळ्या सांगितल्या. मी त्या वेळी कुठं होते? मी केसपेपर गाडीपाशी नेऊन देत होते. मला वाटलं, आज बाईंना गाडीतच बसायचं असेल.

अर्ध्या तासानं दार उघडलं. बाई भिजून निघाल्या होत्या.

"सर्जेराव, नीट ऐक. माणूस आत असला की गरम-गार बघायचं नाही. काही विचारायचं नाही. आधी माणूस बाहेर काढायचा. समजलं?"

"समजलं, बाई." तिसरी गाठ.

शनिवारी दस्तगीर मिस्त्री आला. जॅक लावला, गाडी उचलली. नव्या तेलाचा डबा उघडून शेजारी ठेवला. मग गाडीखाली सरकला आणि खालचा नट सोडला. जुनं तेल पत्र्याच्या डब्यात पडायला लागलं. काळं, जळकट वासाचं.

सर्जेराव चहा घेऊन आला. बघतो तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले.

माणूस आत!

त्यानं चहा खाली ठेवला. काही विचारलं नाही. दोन्ही पाय धरले आणि ओढला. मिस्त्री एका हातात पाना, एका हातात नट घेऊन कपाळभर तेल माखून बाहेर आला. येताना त्याचं कोपर नव्या डब्याला लागलं. चार लिटर लालभडक तेल अंगणात वाहून गेलं. तुळशीला थोडं मिळालं.

मिस्त्री पाच मिनिटं जे बोलला ते मला लिहिता येणार नाही. बाईंनी ऐकलं आणि मान हलवली, म्हणजे त्यांना पटलं असावं.

मग त्यानं कपाळ पुसलं आणि नट बसवला. "बाई, हे तेल साधं नाही. तालुक्याला सोमवारशिवाय मिळत नाही. तोवर गाडी चालू करायची नाही."

"उद्या शैलेश येतोय, दस्तगीर."

मिस्त्रीनं गाडी खाली उतरवली आणि जॅक-पाना सोमवारसाठी भिंतीशी ठेवला.

सर्जेराव हळूच म्हणाला, "सगळं तेल गेलं का, मिस्त्री?"

"सगळं नाही जात. निम्मं खाली येतं, निम्मं आत राहतं. आणि राहिलेलंच बरं. जुनी गिअरपेटी आहे, तिला एकदम सगळं नवं सोसत नाही. निम्मं जुनं, निम्मं नवं, असंच ठेवायचं. जेवढं निघालं तेवढंच भरायचं. कळलं?"

"कळलं." चौथी गाठ.

संध्याकाळी बाईंनी माझ्याकडं जुने पेपर मागितले. मला वाटलं, कपाटात घालायला. बघते तर बाई औषधाच्या बाटल्या एकेक करून पेपरात गुंडाळत होत्या. बीपीचं मशीन त्यांनी दोनदा गुंडाळलं आणि दोनदा सोडलं.

सर्जेराव दारातून बघत होता. त्या दिवशी तो जेवला नाही. मी दोघांचं जेवले. वाया कशाला घालवायचं?

रविवारी शैलेश आला. तीन महिन्यांची नवी कोरी गाडी. "बघ आई, हिलाही क्लच नाही. गिअर कधी बदलतो कळतसुद्धा नाही! तुझी कुठाय? चढव खिंड."

"तिच्यात तेल नाही," बाई म्हणाल्या.

"मग संपलंच. बॅग भर. चारला निघू."

मी पुरणपोळ्या केल्या होत्या. शैलेशनं पाच खाल्ल्या आणि आडवा झाला. बाई बॅग भरायला गेल्या.

सर्जेराव अंगणात उभा. इकडं जुनी गाडी, तिकडं नवी गाडी, मध्ये काळ्या तेलाचा डबा. त्यानं रुमाल काढला. चौथी गाठ चाचपली. मग माझ्याकडं आला.

"अगं, परात दे."

"कशाला?"

"जुनीला निम्मं नवं पाहिजे. नवं तेल नवीत आहे."

"आणि नवीत काय घालायचं?"

"निम्मं जुनं. जेवढं निघालं तेवढं."

मी विचार केला. निम्मं जुनं, निम्मं नवं. दोन्हीकडं सारखंच होतंय. कुणावर अन्याय नाही. मी परात दिली. दुधाचं नरसाळंही दिलं.

सर्जेराव नव्या गाडीखाली सरकला. मिस्त्रीनं केलं तसंच केलं. लाल तेल परातीत आलं, परातीतलं जुन्या गाडीत गेलं. डब्यातलं काळं तेल नवीत गेलं. एक थेंब कुठं सांडला नाही. मग पहिली गाठ आठवून त्यानं बाईंची गाडी चालू केली, चांगली तापवली आणि पट्टी बघितली. बरोबर खुणेवर. आयुष्यात पहिल्यांदा गाठ योग्य जागी लागली.

चारला शैलेशनं बाईंना नव्या गाडीत बसवलं. बाईंनी दवाखान्याकडं बघितलं नाही. गाडी निघाली.

फाटकापाशी पहिला धक्का बसला. मारुतीच्या देवळापर्यंत अकरा. बाराव्याला गाडी उभीच राहिली. इंजिन ओरडतंय, चाक हलत नाही.

"असं कसं?" शैलेश उतरून बोनेटकडं बघत राहिला. "मला उद्या नऊला ऑफिसात पोचायचंय!"

सर्जेराव पळत आला. "बाई, आपली गाडी तयार आहे. तेल भरलंय."

"कुठून आणलंस?"

"निम्मं."

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कोपरावरच्या लाल तेलाकडं बघितलं. नव्या गाडीकडं बघितलं. आणि पुढं काही विचारलं नाही. बाईही काही कमी नाहीत.

"चल शैलेश," त्या म्हणाल्या, "फाट्यावर एस्टी मिळेल. सोडते तुला."

खिंड चढताना गाडीनं एक धक्का दिला नाही. गिअर कधी बदलला कळलंसुद्धा नाही, हे बाईंनीच आल्यावर सांगितलं. वरच्या वळणावर शैलेश म्हणे एवढंच बोलला, "चांगली चालते गं." फाट्यावर उतरला आणि एस्टीत चढला. बाई एकट्याच परत आल्या. बॅग मागच्या सीटवर तशीच.

सोमवारी दस्तगीर मिस्त्री डबा घेऊन आला. पट्टी ओढली. तेल लाल. वास घेतला. पुन्हा बघितलं.

"सर्जा, हे कुणी भरलं?"

सर्जेरावनं सगळं सांगितलं. तो कधी खोटं बोलत नाही, त्याला कुणी शिकवलेलं नाही. ऐकता ऐकता मिस्त्री डब्यावर बसला. मग उठून देवळापाशी गेला, नव्या गाडीतलं काळं तेल काढलं आणि आणलेलं भरलं.

बाई म्हणाल्या, "दस्तगीर, शैलेशला कळायला नको."

"बाई, मला तरी कुठं कळलंय?" मिस्त्री म्हणाला. मग वळला. "सर्जा, कान देऊन ऐक. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मार गाठ! आणि काय रे, गाडीखाली अंधारात तुला नट दिसला कसा? बॅटरी कुणी धरली होती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला एकदम आठवलं, दूध उतू जात असेल.

सर्जेराव माझ्या मागोमाग आत आला. रुमालात आता जागा उरली नव्हती. त्यानं माझा पदर धरला आणि त्याला घट्ट गाठ मारली.

तेवीस वर्षांपूर्वीही त्यानं अशीच एक मारली होती. भटजी म्हणाले होते, "मार गाठ." सोडायला त्याला कुणी सांगितलंच नाही.