अर्धवट निवलेली काच

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की खिडकीला काच लावतात हे राजालासुद्धा माहीत नव्हतं. काच म्हणजे बायकांच्या हातातल्या बांगड्या, नाहीतर देवळाच्या भिंतीवरची चित्रं.

त्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी काचेची चित्रं करणारा एक कारागीर राहत असे. रंगीत काच वितळवायची, दगडी पाटावर ओतायची, जराशी घट्ट झाली की बर्फीच्या पाडतो तशा तिच्या वड्या पाडायच्या, आणि मग त्या वड्या ओल्या चुन्यात एकेक करून बसवायच्या, असं त्याचं काम. लांबून बघावं तर मोर दिसे आणि जवळ जावं तर नुसते तुकडे.

पाडलेल्या वड्या लगेच वापरत नसत. घरामागे राखेनं भरलेला एक खोल खड्डा असे. त्याला ते लोक निवणी म्हणत. गरम वड्या त्या राखेत पुरायच्या आणि हळूहळू निवू द्यायच्या. पुरुषानं काच ओतावी आणि निवणी घरच्या बाईनं सांभाळावी, अशी तिथली रीत होती. बाई रोज राखेत कोपरापर्यंत हात घाली आणि तळाशी ऊब लागली की म्हणे, "अजून नाही." तिनं तसं म्हटलं की कुणी खड्ड्याला हात लावत नसे. घाईनं काढलेली काच वरून गार लागते, पण पोटात तापलेलीच राहते. ती त्या दिवशी फुटत नाही. कधीतरी नंतर फुटते, आणि कधी ते कुणालाच सांगता येत नाही.

आपला कारागीर हाताचा मोठा कसबी होता, स्वभावानंही गोड. खोट एकच होती, आणि गंमत अशी की सगळे तिलाच त्याचा मोठा गुण समजत. कुणाला नकार देणं त्याला जमतच नसे. शेजारीण म्हणे, "संक्रांतीच्या आधी बांगड्या देशील का रे भाऊ?" हा म्हणे, "देईन." पुजारी म्हणे, "जत्रेच्या आधी कळसाखालची वेल पुरी होईल ना?" हा म्हणे, "होईल." बायको कपाळाला हात लावी.

"अहो, भट्टी एक, माणूस एक, आणि होकार किती जणांना दिलेत? भीड भिकेची बहीण असते, लक्षात ठेवा."

"होईल गं," असं तो तिलाही म्हणे. मग जागून, खपून, धावतपळत कसंबसं निभावून नेई. असंच चाललं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

त्या राज्याच्या राजाला एकच मुलगी होती. लहानगी, बोलकी. कारागीर देवळाच्या भिंतीवर मोर करत होता तेव्हा ती रोज येऊन पायरीवर बसे आणि म्हणे, "याला पिसं कमी आहेत. अजून लाव." कारागीर हसून अजून लावी. त्या मोराला जगातल्या कुठल्याही मोरापेक्षा जास्त पिसं झाली होती.

एका पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप भरला आणि ती गेली. वैद्य होते, औषधं होती, नवस होते. कशाचा काही उपयोग झाला नाही.

राजवाडा मुका झाला. राणी जेवेना, कुणाशी बोलेना. हिवाळा सरला तेव्हा एकदा ती राजाला म्हणाली, "तिचा आवाज येतो अजून कानात. पण चेहरा निसटायला लागलाय हो. काल कितीतरी वेळ डोळे मिटून बसले, तर नाकच आठवेना. आईला लेकीचं नाक आठवेना, अशी कशी मी आई?"

राजा स्वतः कारागिराच्या अंगणात आला. म्हणाला, "मागच्या चौकात ती खेळायची, तिथल्या भिंतीवर तिचं चित्र हवंय. तिच्या वर्षदिवसापर्यंत, तिला जाऊन वर्ष होईल तोवर, होईल का? जमत नसेल तर तसं सांग."

आता हे नीट ऐका. राजानं हुकूम केला नव्हता, विचारलं होतं. नकाराला दार उघडं ठेवूनच विचारलं होतं. पण कारागिराला ते दार दिसलंच नाही. समोर दुःखानं वाळलेला राजा उभा, आणि स्वतःचेही डोळे भरलेले. तो म्हणाला, "होईल, महाराज."

कामाला तो मनापासून लागला. परकर झाला, हिरवागार. ओंजळीतली मोगऱ्याची फुलं झाली. खांद्यावरचा पोपट झाला. त्या सगळ्या वड्या निवणीत हवा तितका वेळ राहिल्या आणि बायकोनं "काढा आता" म्हटल्यावरच भिंतीवर गेल्या. चेहरा तेवढा राहिला.

चेहऱ्याचा रंग काही केल्या साधेना. गहूवर्णी काच ओतावी, तर कधी पिवळी निघे, कधी विटेसारखी लाल. ओतली, फोडली, पुन्हा ओतली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. आणि वर्षदिवस अगदी तोंडावर आला तेव्हा भट्टीतून नेमका तो रंग निघाला. कारागिरानं वडी उजेडात धरली आणि तो रडलाच. तोच गाल होता.

वड्या राखेत गेल्या. पण आता त्या निवायच्या कधी आणि बसवायच्या कधी?

वर्षदिवसाच्या आदल्या सकाळी तो निवणीपाशी येऊन उभा राहिला. बायकोनं हात घातला आणि मान हलवली.

"अजून नाही."

"वरच्या तर गार झाल्यात."

"वरच्या होणारच. तळाला हात ठरत नाहीये. अहो, जाऊन सांगा ना महाराजांना. म्हणावं, बाकी सगळं झालंय, चेहऱ्याला अजून महिनाभर द्या."

"कसं सांगू? पाहुणे आलेत. राणीसाहेब महिन्याभरात पहिल्यांदा जेवल्या म्हणे, उद्या चित्र बघायचं म्हणून."

"मग आज सांगितलं तर आज रडतील. नंतर फुटली तर?"

"प्रत्येक वेळी फुटतेच असं थोडंच आहे?"

"नाही फुटत प्रत्येक वेळी," ती म्हणाली. "पण तुम्ही मुलीचा चेहरा करताय, पोपट नाही."

कारागीर निवणीपाशी वाकला. मग त्यानं स्वतःच राखेत हात घातला. बायको तोंड फिरवून घरात गेली. आतली ऊब हाताला लागत होती तरी त्यानं वरच्या थरातल्या चेहऱ्यापुरत्या वड्या काढल्या. एकीवर एक आपटून पाहिल्या. कशा खणखणीत वाजल्या! त्यानं स्वतःची समजूत घातली, की इतका छान आवाज करणारी काच कच्ची कशी असेल. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार मोठा पुरावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा सरला. राणी भिंतीसमोर उभी राहिली. तिनं हात पुढे केला, गालावर ठेवला आणि लेकीला हाक मारली, "ठकू." एवढंच. चौकात एकही डोळा कोरडा राहिला नाही. राजानं कारागिराच्या अंगावर शाल घातली. ती शाल त्याला दिवसभर टोचत राहिली.

त्या दिवसापासून राणी रोज सकाळी चौकात येऊन बसू लागली. भिंतीशी बोले. आज काय रांधलंय ते सांगे. गालावरून हात फिरवी. दोन घास पोटात जाऊ लागले, अंगावर थोडं तेज आलं.

कारागीरही रोज येई. धूळ पुसायच्या निमित्तानं येई आणि चेहऱ्याची एकेक वडी निरखून जाई. काही होत नव्हतं. बायको म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. त्याच काचेच्या उरलेल्या वड्या मी निवणीतच ठेवल्या होत्या, आता चांगल्या निवल्यात. खरं काय ते सांगा आणि बदलून टाका."

"राणीसाहेब रोज त्या चेहऱ्याशी बोलतात गं. मी छिन्नी घेऊन तो उकरू? त्यांच्या डोळ्यांदेखत?"

"फुटला तर काय डोळ्यांआड फुटणार आहे?"

"बघू," एवढंच तो म्हणाला. दिवस जात राहिले तशी त्याची भीती बोथट होत गेली. निभावलं, असं त्याला वाटू लागलं. आजवर सगळंच निभावलं होतं ना.

मग थंडी पडली. एका सकाळी भिंत बर्फासारखी गार होती आणि कोवळं ऊन नुकतंच चेहऱ्यावर आलं होतं. राणीनं नेहमीसारखा गालाला हात लावला. टक्, असा बारीकसा आवाज झाला. डोळ्याखालची एक वडी तडकली. मग तिच्या शेजारची. मग कपाळ. राणीनं दोन्ही हातांनी तो चेहरा दाबून धरला. ओरडली, "थांब! थांब गं बाळा!" पण काच बोटांच्या फटींतून सुटत राहिली. दासी धावत आल्या तेव्हा राणीच्या मांडीत काचांचा खच होता आणि हात रक्तानं भरले होते. भिंतीवर हिरवा परकर तसाच होता, मोगऱ्याची फुलं होती, पोपट होता. चेहऱ्याच्या जागी पांढरा चुना.

कारागिराला बोलावणं आलं. तो चौकात शिरला तेव्हा प्रधान सांगत होते, "दृष्ट लागली, महाराज. इतकं सुंदर चित्र, लागणारच." राजा खाली मान घालून बसला होता. कुणी कारागिराकडे संशयानं बघितलंसुद्धा नाही. तोंड मिटून उभा राहिला असता, तर नवं काम आणि नवी शाल घेऊन तो घरी गेला असता.

पण राणी म्हणाली, "दृष्ट कसली? मीच. रोज हात लावत होते ना. माझे हातच वाईट. त्या दिवशी पावसात खेळायला मीच सोडलं होतं तिला. तेव्हाही माझ्याच हातून गेली, आताही माझ्याच हातून गेली."

हे ऐकलं आणि कारागिराला गप्प राहवेना. तो राणीसमोर आला.

"नाही, राणीसाहेब," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला आख्खं आयुष्य लागलं होतं. "तुमचा हात नाही. काच कच्ची होती. मला ठाऊक होतं. वर्षदिवस चुकू नये म्हणून मी ती गरम राखेतून काढली. नंतरही सांगता आलं असतं, तेही सांगितलं नाही."

राजाचा हात तलवारीवर गेला. राणीनं मान हलवली आणि तो हात खाली आला.

"किती दिवस हवे होते तुला?" तिनं विचारलं.

"महिनाभर, राणीसाहेब. फार तर दीड."

राणी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग विचारायचंस ना रे मला," ती म्हणाली. "मी थांबले असते. थांबण्याखेरीज मला दुसरं काय काम उरलं होतं?"

कारागीर हात जोडून म्हणाला, "चांगल्या निवलेल्या वड्या घरी आहेत. त्याच रंगाच्या. मी पुन्हा बसवतो. आता कधीच नाही फुटणार."

"नको," राणी म्हणाली. "एकीला मी दोनदा पोचवून आले. आता अंगात बळ नाही. जा तू. याला कुणी काही शिक्षा करू नका."

ती उठली आणि आत गेली. चौकाकडचं दार तिनं लावून घेतलं, आणि पुढे ती जिवंत होती तोवर ते कुणी उघडलं नाही.

कारागीर बरीच वर्षं जगला. लोक काम घेऊन येत, तेव्हा तो आधी बायकोकडे बघे आणि मग स्पष्ट सांगे, "आत्ता जमणार नाही." लोक म्हणत, म्हातारपणी फार तुसडा झाला हा, पूर्वी किती गोड होता. दार लावलेल्या त्या चौकात, हिरव्या परकरातली, चेहरा नसलेली मुलगी उभी होती, हे त्याला झोपेतही विसरता येत नव्हतं.

यातून घ्यायचं तात्पर्य ते असं: भिडेपोटी दिलेला होकार समोरच्याचं दुःख वाचवत नाही, पुढे ढकलतो, आणि ज्याला आपण खरं सांगायला भितो, तो बहुतेक वेळा थांबायला तयार असतो.