दवाखान्याची फियाट

“किल्ली कधी देणार, आक्का?”

आक्का फियाटच्या पुढच्या जाळीवर झेंडूची माळ बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दोरा धर.”

धैर्यशीलने दोरा धरला.

मोटारींच्या शर्यतीत त्याने खूप बक्षिसं मिळवली होती. त्याची स्वतःची गाडी खालच्या मैदानात उभी होती. ती काळी, रुंद आणि सुरू केली की गुरगुरणारी होती. तरीही तो वर्षभर दर रविवारी कोंडगावात येत होता. पहिले काही महिने आक्कांनी त्याला फक्त काचा पुसायला लावलं. मग गावातल्या सपाट रस्त्यावर गाडी चालवू दिली. घाट मात्र अजून दिला नव्हता.

आक्का म्हणजे शेवंताआक्का. दवाखाना होता तोवर त्या तिथे नर्स होत्या. फियाटही दवाखान्याचीच होती. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला. गाडी आक्कांकडे राहिली. गावात अजून तिला दवाखान्याची फियाटच म्हणतात.

“गेल्या दसऱ्याला तुमच्या गावातला मकरंद हिला घेऊन वर गेला,” धैर्यशील म्हणाला. “कुठेही न थांबता. तुम्ही त्याला पेढा दिलात. किल्ली का नाही दिली?”

“पेढा ताजा होता.”

“मी मस्करी करत नाहीये, आक्का.”

“मीही नाही.”

धैर्यशीलने दोरा ताणून धरला. मग म्हणाला, “मी त्याच्यापेक्षा लवकर नेईन. न थांबता.”

आक्कांनी माळेची गाठ मारली. उरलेला दोरा दातांनी तोडला.

“वर ने,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”

दसऱ्याला कोंडगावच्या जुन्या गाड्या करंज घाट चढतात. वर गावाची शीव आहे. ती ओलांडली की सीमोल्लंघन झालं. सगळ्यात पुढे दवाखान्याची फियाट असते. यंदा आक्कांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पुढच्या दसऱ्यापासून त्या गाडी स्वतःकडे ठेवणार नाहीत. म्हणजे किल्ली कुणाला तरी मिळणार होती.

शहरातून आलेली पोरंपोरी मैदानात फोटो काढत होती. काळ्या गाडीजवळ कुणीच नव्हतं. फियाटभोवती गर्दी होती. एक मुलगी दाराची काच खालीवर करणारा दांडा उगाचच फिरवून बघत होती आणि हसत होती.

धैर्यशीलने ते पाहिलं.

“एक विचारू? हिच्यात ताकद नाही. माझ्या गाडीत हिच्या चौपट आहे. चढाला ही बैलगाडीच्या मागे राहते. तरी लोकांना हीच का आवडते?”

“तुला का आवडते?”

“मला...”

तो थांबला. आक्काही थांबल्या.

“बस गाडीत,” आक्का म्हणाल्या.

*

पुढची सीट लांब होती, बाकासारखी. आक्का त्याच्या शेजारी बसल्या. पायाशी पाण्याचा कॅन आणि एक लाकडी ठोकळा होता. स्टिअरिंगजवळचा गिअर त्याने हलक्या हाताने टाकला. गाडी निघाली. मागोमाग बाकीच्या.

पहिली दोन वळणं बरी गेली. धैर्यशील पाय दाबत होता. गाडी ओरडत होती. वेग वाढत नव्हता.

“तिला ऐकू येतं,” आक्का म्हणाल्या.

“काय?”

“तू ओरडतोयस ते.”

“मी कुठे ओरडतोय?”

आक्कांनी त्याच्या पायाकडे पाहिलं. त्याने पाय थोडा उचलला. गाडीचा आवाज शांत झाला. वेग होता तेवढाच राहिला.

मागून एक स्कूटर आली. नवरा, बायको, मध्ये लहान मूल. बायकोच्या हातात आपट्याची मोठी फांदी होती. तिची पानं नवऱ्याच्या डोळ्यांपुढे येत होती आणि तो मान वाकडी करून चालवत होता. स्कूटरलाही दम लागला होता. ती फियाटच्या मागेच राहिली.

पुढे म्हसोबाचं वळण आलं. वळणावर थोडी सपाट जागा आहे. त्यानंतर घाटातला सगळ्यात उभा चढ. तिथे थांबलेली जुनी गाडी पुन्हा उचलत नाही, हे कोंडगावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. धैर्यशीलने वळणावर वेग घेतला आणि चढाला लागला.

गाडी चढू लागली. हळू, पण चढू लागली.

“येतेय!” तो म्हणाला. “आक्का, येतेय!”

आणि त्याच वेळी त्याला दगड दिसला.

सकाळी तिथे एखादा ट्रक अडकला असणार. चाकामागे दगड लावायचा, ट्रक निघाला की तो उचलून कडेला टाकायचा, ही घाटाची रीत. कुणीतरी उचलायला विसरलं होतं. दोन्ही हातांत मावेल एवढा काळा दगड, रस्त्याच्या मधोमध.

फियाट उंच होती. दगड दोन चाकांच्या मधून सरळ मागे गेला.

धैर्यशीलने आरशात पाहिलं. आरशात स्कूटर होती. फांदी होती. नवऱ्याचे डोळे दिसत नव्हते.

त्याने आक्कांकडे पाहिलं. आक्का समोर बघत होत्या...

धैर्यशीलने ब्रेक दाबला.

गाडी चढाच्या ऐन मध्यावर थांबली. त्याने हात बाहेर काढून जोरात हलवला. “थांबा! दगड आहे! थांबा!”

स्कूटर थांबली. पुढचं चाक दगडाला लागता लागता राहिलं. बायकोने फांदी टाकून मुलाला घट्ट धरलं.

हँडब्रेक म्हातारा होता. त्याच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. धैर्यशीलचा पाय ब्रेकवरच राहिला. आक्का उतरल्या, लाकडी ठोकळा मागच्या चाकाला लावला आणि बॉनेटवर थाप मारली. मगच तो उतरला. धावत जाऊन त्याने दगड उचलला.

“कुठे टाकू?”

आक्कांनी डिकीकडे बोट केलं.

त्याने दगड डिकीत ठेवला आणि परत गाडीत बसून ब्रेक दाबला. आक्कांनी ठोकळा काढला. त्याने पहिला गिअर टाकला.

गाडी थरथरली. पुढे गेली नाही.

पुन्हा. क्लचचा जळका वास आला. गाडी हातभर सरकली आणि परत मागे आली.

खालून मकरंद आला. यंदा तो मामाची जुनी गाडी चालवत होता. शेजारून जाताना त्याने भोंगा वाजवला.

“काय धैर्यशीलराव! मुक्काम का?”

मकरंद गेला. त्याच्यामागून बाकीच्या गाड्याही एकेक करून गेल्या. दर वर्षी पुढे असणारी फियाट सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

धैर्यशीलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

“संपलं, आक्का.”

“कुठे जायचंय तुला?”

“वर.”

आक्कांनी हात उचलला आणि खाली दाखवलं. म्हसोबाच्या वळणाकडे.

तो बघत राहिला.

“मागे जाऊ? एवढं चढून आल्यावर?”

आक्कांचा हात तसाच खाली रोखलेला होता.

“सगळे बघतायत.”

“बघू देत. सण आहे.”

धैर्यशीलने शर्यतीत कधी गाडी मागे घेतली नव्हती. आता त्याने मान वळवली आणि एका हाताने सीटची पाठ धरली. ब्रेकवर पाय ठेवून, थोडं थोडं सोडत तो मागे येऊ लागला. चढावर मिळवलेला एकेक हात परत देत. वर कठड्याशी उभी असलेली पोरं ओरडली, “अरे, दवाखाना घरी चालला!” सगळे हसले.

गाडी सपाट जागेवर आली. तिने दम घेतला. रेडिएटरमधून वाफ येत होती. धैर्यशील वाफ जाईपर्यंत थांबला. मग पाणी घातलं. घाई केली नाही.

आक्का गाडीत बसल्या नाहीत.

“मी चालतच येते. पूर्वी या चढाला माणसं उतरायची.”

“तुम्ही? एवढा चढ?”

“पायवाट आहे. बाळंतिणी काय रस्त्याच्या कडेला राहत होत्या?”

आणि पदर खोचून त्या करवंदीच्या जाळीमागे दिसेनाशा झाल्या.

धैर्यशील एकटा राहिला. त्याने काच खाली केली. पाय हलकेच ठेवला. गाडीने सपाटीवर वेग घेतला, वळण घेतलं, चढाला भिडली. आवाज बदलायच्या आत त्याने पहिला गिअर टाकला. ती ओरडली नाही. तोही ओरडला नाही.

स्कूटरवाला आणि त्याची बायको कडेला उभे होते. त्यांच्या शेजारून फियाट माणसाच्या चालीने गेली. बायको मुलाला कडेवर घेऊन गाडीबरोबर चालू लागली.

“येतेय, दादा! येतेय!”

मगाशी जिथे थांबली होती ती जागा आली. गाडी अडखळली. धैर्यशीलचा पाय दाबायला शिवशिवला. त्याने तो दाबला नाही. नुसता ठेवला.

गाडी त्या जागेवरून गेली.

आता कठड्याशी कुणी हसत नव्हतं. एक मुलगा म्हणाला, “चल.” मग दुसरा. मग सगळेच. “चल, चल, चल!” पोरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालू लागली. शहरातली ती काच फिरवणारी मुलगीही. कुणी ढकलत नव्हतं. कुणी हातसुद्धा लावत नव्हतं. सगळे फक्त बरोबर चालत होते, आणि सगळ्यांचेच श्वास फुलले होते.

वर ढोल थांबला होता. लोक शिवेवरून खाली बघत होते.

आधी झेंडूची माळ दिसली. मग दिवे. मग काचेमागे धैर्यशीलचा चेहरा.

फियाटने शीव ओलांडली आणि माथ्यावर असा काही आवाज उठला की ढोलवाला वाजवायचंच विसरला. म्हातारी माणसं टाळ्या वाजवत होती. कुणी गाडीच्या टपावर आपट्याची पानं उधळली. स्कूटरवाल्याने धैर्यशीलला दार उघडायलाही जागा ठेवली नाही. खिडकीतूनच मिठी मारली. मकरंद गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने दोन बोटं तोंडात घालून लांब शिट्टी मारली.

“अरे, मी आलो तेव्हा माझा सख्खा मामासुद्धा हलला नाही जागचा!”

उंबराखालच्या पारावर आक्का बसल्या होत्या. गाडीच्या आधी पोचल्या होत्या. मांडीवर पेढ्यांचा डबा होता. न थांबता आलेल्या एकेकाला त्यांनी पेढा दिला होता.

धैर्यशील त्यांच्यापुढे उभा राहिला. हसू आवरत नव्हतं, पण मान खाली होती.

“आक्का, मी थांबलो.”

“पाहिलं.”

“मागेही आलो.”

“तेही पाहिलं.”

“सगळ्यात शेवटी पोचलो.”

त्याने किल्ली पुढे केली. आक्कांनी ती घेतली नाही.

“डिकी उघड.”

त्याने दगड काढून आणला. आक्कांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुसला, आणि पाराच्या वरच्या थरात एका रिकाम्या जागी बसवला. नीट बसला.

धैर्यशील आता पाराकडे पाहू लागला. सगळा पार अशाच न घडवलेल्या काळ्या दगडांचा होता. त्याने एका दगडावरून बोट फिरवलं. त्यावर टायरच्या रबराचा पुसट डाग होता. शेजारच्यावरही होता. खालच्या थरावरही...

“आक्का, हे सगळे... तुम्ही?”

आक्का उंबराकडे बघत होत्या.

“मग तुम्ही कधी न थांबता वर आलातच नाहीत?”

आक्कांनी त्याचा हात धरला. किल्लीवर त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि मुठीवर थोपटलं.

ढोल पुन्हा सुरू झाला. गर्दीने गाडीला वेढा घातला होता. धैर्यशील मूठ छातीशी धरून उभा होता, जणू उघडली तर काही उडून जाईल.

मकरंद तोंडातला पेढा खाता खाता ओरडला, “अहो आक्का, यालाही पेढा द्या की!”

आक्कांनी डब्याचं झाकण लावलं.

“तो न थांबता आलेल्यांना असतो.”