तिष्या मावशीने फोडलेला आवा

वेतसवती नदीच्या काठच्या नगरात उग्रदत्त राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला. त्याचे नाव क्षेमक. आई बाळंतपणातच गेली, तेव्हा तिची बहीण तिष्या हिने त्याला पदराखाली घेतले आणि आपल्या अंगावर वाढवले. क्षेमक तिला मावशी म्हणे, म्हणून सारा कुंभारवाडा तिला मावशीच म्हणू लागला.

मावशी जिभेने तिखट आणि हाताने मऊ होती. कुंभारवाड्याचा आवा एकच होता. मडक्यांवर गवत आणि गोवऱ्या रचायच्या, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि आत विस्तव मंद ठेवून भांडी भाजायची. ज्याने आवा पेटवला, त्याने तो निवून उघडेपर्यंत जागचे उठायचे नाही, अशी तिथली रीत होती. कुठे धूर फुटला की ओली माती लावून बुजवावे लागे. एखादी फट राहिली तर गार वारा आत शिरून भाजत आलेली भांडी तडकत. ही राखण मावशीसारखी कोणालाच जमत नसे, आणि दुसऱ्या कोणाला जमते असे म्हटलेले तिला खपतही नसे.

क्षेमकाचा हात चांगला होता, पण मन चाकावर ठरत नसे. सवड मिळाली की तो नदीच्या वरच्या अंगाला निघून जाई. गावोगावी म्हाताऱ्या माणसांपाशी बसून विचारी, की पाणी चढले तेव्हा कोण कुठे होते, कोण वाचले, कोण गेले.

"लोकांची पोरं व्यापाराला जातात, आमचा पुराची विचारपूस करायला जातो," असे मावशी शेजारणींना सांगे. मग घरात येऊन त्याच्यासाठी सातूचे लाडू बांधून देई.

एवढ्या फिरण्यात क्षेमकाला एक गोष्ट कळली. पाण्याने माणसे नेली खरी, पण बहुतेक जण काहीतरी सोडवेना म्हणून मागे राहिलेले होते. कोणी म्हशीसाठी थांबला होता, कोणी जात्यासाठी, कोणी उगीच रुसून बसलेल्या भावासाठी. परत आल्यावर तो कुंभारवाड्यात घरोघर गेला आणि प्रत्येकाला विचारू लागला, "तुमच्याकडून काय सोडवणार नाही?" लोक हसले, पण त्यांनी सांगितले. मग त्याने सगळ्यांना हाताशी घेऊन टेकडीवर म्हशींसाठी गोठा बांधला, जुनी चाके ठेवायला छपर घातले, आणि कोणी कोणाच्या म्हाताऱ्यांना हात द्यायचा ते ठरवून दिले. वरच्या गावांशी त्याने असे ठरवले, की पाणी चढू लागताच त्यांनी नगारा वाजवायचा आणि तो ऐकून पुढच्या गावाने आपला वाजवायचा.

इतक्या घरी जाऊन आलेल्या या शहाण्याने आपल्या घरी मात्र तो प्रश्न विचारलाच नाही. मावशी कशासाठी थांबेल, हे त्याच्या मनातही आले नाही.

त्या वर्षी राजाने कार्तिकातल्या उत्सवासाठी घागरी मागवल्या. घागरी चांगल्या उतरल्या तर क्षेमकाला राजकुंभार करू, असा निरोपही आला. मावशीला आभाळ ठेंगणे झाले. रिकामटेकडा म्हणून ज्याला लोक हसत, त्याला आता राजाच्या दारी मान मिळणार होता. आश्विनातले आभाळ निरभ्र बघून तिने आपल्या हाताने आवा पेटवला आणि शेजारी ठाण मांडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगारा ऐकू आला. इथे ढगाचा तुकडा नव्हता, पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. ठरल्याप्रमाणे म्हशी निघाल्या, म्हातारी माणसे निघाली. टेकडीवर माणसे मोजताना क्षेमकाला मावशी दिसेना, तसा तो धावत खाली उतरला.

मावशी आव्याला माती लावत होती.

"मावशी, चल."

"पेटता आवा सोडून उठायचं नसतं, ठाऊक नाही तुला? आणि पाणी इथवर कधीच आलेलं नाही. जा तू."

"मग मीही बसतो."

तो खरोखरच तिच्या शेजारी मांडी घालून बसला. मावशीने त्याला ढकलले, शिव्या दिल्या, पाठीत धपाटे घातले. तो हलला नाही. नदीकडून पाण्याचा आवाज येऊ लागला तसे मावशीचे डोळे भरून आले.

"अरे मेल्या, तुझ्यासाठीच बसलेय ना मी!"

तेव्हा कुठे क्षेमकाला आपली चूक कळली. आवा उघडला की राखण सुटते, हे तो जाणत होता. तो उठला, बाजूचा वासा उचलला आणि आव्याच्या कुशीत घातला. लेप फुटला, वारा आत घुसला आणि राजाच्या घागरी एकामागून एक तडकू लागल्या. "आता राखायला काही उरलं नाही," असे म्हणून त्याने मावशीला पाठुंगळी घेतले. टेकडी चढेपर्यंत ती त्याच्या पाठीवर मुठी मारीत रडत होती.

आणि पाणी आव्यापर्यंत आलेच नाही. खालच्या घरांचे उंबरे भिजवून ते रात्रीत ओसरले.

मग काय विचारता! लोकांनी क्षेमकाची पुरती टर उडवली. राजाने घागरी दुसऱ्या गावाहून आणवल्या आणि राजकुंभाराचे मानाचे वस्त्रही तिकडेच गेले. मावशी कित्येक दिवस त्याच्याशी बोलली नाही. ताट मात्र वेळेवर वाढत होती. शेवटी एकदा जेवताना म्हणाली, "बसले असते तर घागरी वाचल्या असत्या."

"वाचल्या असत्या," क्षेमक म्हणाला.

"आणि मीसुद्धा."

"हो. पण तेव्हा ते कोणाला ठाऊक होतं?"

मावशीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

पुढच्या वर्षी आश्विनातच पुन्हा नगारा वाजला. आभाळ तसेच स्वच्छ होते आणि मावशी तशीच पेटत्या आव्याजवळ बसली होती. या खेपेला लोक घरांतून हलेनात. "गेल्या वर्षी काय झालं ते पाहिलंच ना," असे एकमेकांना सांगत दारात उभे राहिले. क्षेमक एकेका दारी हात जोडत फिरत होता.

मावशीने ते लांबून पाहिले. आव्यात सगळ्या घरांची वर्षभराची मेहनत होती. आपण उठलो नाही तर कोणी उठणार नाही, आणि कोणी उठले नाही तर हा पोर खालीच राहील, हे तिला स्वच्छ दिसले. आपला जीव जाईल याचे तिला फारसे वाटले नाही. हा नसेल तर टेकडीवर बसण्याचा तरी काय उपयोग, असे वाटले. ती उठली, तिने वासा उचलला आणि जन्मभर राखलेला आवा आपल्या हाताने फोडला.

मडकी तडकल्याचा आवाज साऱ्या वाड्याने ऐकला. "मावशीनं आवा फोडला!" असे ओरडत लोक बाहेर आले. मग कोणी काही विचारले नाही. ज्याने ज्याचा हात धरायचा होता त्याने तो धरला आणि सगळे टेकडीकडे निघाले.

त्या संध्याकाळी नदी घरांवरून गेली आणि आव्यावरूनही गेली. सकाळी खाली चिखलाखेरीज काही उरले नव्हते, पण माणूस एकही कमी झाला नव्हता. क्षेमक मावशीच्या पायांवर डोके ठेवून मुलासारखा रडला. "उठ आता, चिखल चांगला आलाय, मडकी घडवायची आहेत," मावशी म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

ही जन्मकथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचे कुंभारवाड्यातले लोक म्हणजे आज एकमेकांना धरून राहणारा हा संघ. क्षेमक मीच होतो. आणि तिष्या मावशी म्हणजे महाप्रजापती गौतमी, जिने याही जन्मी आई गेल्यावर मला आपल्या अंगावर वाढवले. त्या जन्मी मी पुष्कळ गावे फिरलो, पुष्कळ शिकलो. पण माझ्या शिकण्याने लोक घराबाहेर आले नाहीत, तिच्या मायेने आले. भिक्षूंनो, मैत्री पारमिता, म्हणजे मायेची परिपूर्णता, म्हणतात ती हीच, आणि मी ती तिच्याकडून शिकलो."