चाखणीसाची बोटं

फार फार वर्षांपूर्वी, तुमचे पणजोबासुद्धा कोणाच्या तरी पाठुंगळीला बसत होते त्याच्याही आधी, डोंगरउतारांचं एक राज्य होतं. तिथली ही गोष्ट मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. मधला थोडा भाग विसरलो होतो, तो जमेल तसा जुळवून घेतला, इतकंच.

त्या राज्यात द्राक्षं पिकत आणि द्राक्षांचं आसव होई. श्रीमंत ते सणाला पीत, गरीब ते भाकरीबरोबर पीत, आणि आपण पीतच नाही म्हणणारे ते दार लावून पीत. मुलांनी ही गोष्ट ऐकावी, आसव चाखू नये. मोठ्यांना सांगून उपयोग नाही.

लिहिणंवाचणं तिथं कोणाला फारसं येत नसे. आणि त्यामुळं कोणाचं फारसं अडतही नसे. आसवाची किंमत सुरईच्या गळ्यात बांधलेली असे. सुतळीला जितक्या गाठी, तितकी नाणी. नऊ गाठींचं आसव सगळ्यांत महाग, दोन गाठींचं सगळ्यांत स्वस्त. एक गाठ कोणी मारत नसे, कारण तेवढ्यात नुसती सुरईसुद्धा येत नसे.

दरवर्षी नवं आसव तयार झालं की राजवाड्यासमोरच्या चौकात बारा मळ्यांच्या बारा सुरया मांडत. त्यांची पारख करायला राजानं एक चाखणीस नेमला होता. तीस वर्षं तो हे काम करत होता. अंगावर दरबारची शाल, डोळ्यांवर काळी पट्टी. पट्टी अशी घट्ट की आतून मुंगीला वाट सापडू नये. सुरई गळ्याला धरून तो स्वतः उचली, वाटीत धार धरी, हुंगे, घोट तोंडात घोळवी, थुंके आणि मग बोले. ओतायला मात्र दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे. "धार हाताला कशी लागते, यात अर्धी पारख आहे," असं तो म्हणे.

नऊ गाठींचं आसव तोंडात गेलं की तो मान डोलावून सांगे, "यात पिकल्या जांभळाचा वास आहे. मागाहून चंदनाची सावली पडते." तोंडात सावली कशी पडते हे चौकातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण विचारून अडाणी कोण ठरणार? सगळे माना डोलावत. दोन गाठींचं तोंडात गेलं की तोच चाखणीस म्हणे, "ओल्या घोंगडीचं पाणी." तेव्हाही सगळे माना डोलावत. माना त्याच, दिशाही तीच.

पण हे काम नुसतं मान डोलावण्यावर संपत नव्हतं. जो मळा पारखीत पहिला येई, त्याचं आसव राजाच्या कोठीत जाई. जो मळा लागोपाठ तीन वर्षं शेवटचा येई, त्याचे वेल उपटून तिथं ज्वारी पेरायची, असा जुना नियम होता. वाईट आसवानं राज्याचं नाव जातं, असं राजाच्या आजोबांना वाटे. तीस वर्षांत असे चार मळे गेले; बाराचा आकडा दुसऱ्यांनी भरला. चाखणीसाला त्याचं काही वाटत नसे. आपण चव सांगतो, वेल उपटणारे हात दुसऱ्याचे, असं तो स्वतःला सांगे. आणि स्वतःला सांगितलेलं त्याला लगेच पटे.

ही गोष्ट घडली त्या वर्षी ही वेळ हौसा नावाच्या बाईवर आली होती. उताराच्या खालच्या अंगाला तिचा एवढासा मळा. वरच्या अंगाला तिच्या सासऱ्यांचा मळा होता, तिथं आता ज्वारी डोलत होती. हौसाचं आसव दोन गाठींचं आणि दोन वर्षं शेवटचं. यंदा तिसरं. वेल उपटायला कुदळी घेतलेले दोन गडी सकाळीच चौकात येऊन बसले होते. निकाल लागायचा होता, पण गडी आले होते. यावरून काय ते समजा.

चाखणीसानं अकरा सुरया चाखल्या. जांभूळ आलं, चंदन आलं, घोंगडीही येऊन गेली. मग त्यानं बाराव्या सुरईचा गळा धरला आणि त्याचा हात थांबला.

बोटं गळ्यावरून फिरली. गाठ लागली नाही. पुन्हा फिरली. सुतळीच नव्हती. हाताला नुसती थंडगार माती लागली.

आता गंमत पाहा. बोटं काहीतरी शोधताहेत हे चाखणीसाला तीस वर्षांत आज पहिल्यांदा कळलं. त्यानं वाटी भरली, घोट घेतला आणि तोंड गप्प राहिलं. खूश व्हावं की वाकडं व्हावं, हे त्या तोंडाला कळेना. कारण आजवर त्याला कोणीतरी आधी सांगत असे.

मग नाइलाजानं त्यानं चव घेतली. आधी जरा आंबट. मग आंबटपणा ओसरला आणि मागं एक वास राहिला. चंदनाचा नाही, जांभळाचा नाही, द्राक्षांचा. चाखणीसाला तो आवडला. आवडला म्हणून तो घाबरला. घाबरण्याच्या भरात थुंकायचं विसरला आणि घोट गिळून बसला.

"गिळलं की हो," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"किती गाठींचं आहे, चाखणीस?" राजानं विचारलं.

"सहा," चाखणीस म्हणाला. मग सुरक्षित राहावं म्हणून, "सात म्हणा."

पट्टी सुटली. समोर हौसा हात बांधून उभी होती.

"दोन गाठींचं आहे," ती म्हणाली.

नऊ गाठींच्या मळ्याचे मालक, गळ्यात पोवळ्यांची माळ घातलेले शेटजी, ताडकन उठले. "महाराज, ही फसवणूक आहे. हिनं दुसऱ्याचं आसव आपल्या सुरईत भरून आणलंय. सुतळी काढली ती त्याचसाठी."

"सुतळी कुठं गेली, बाई?" राजा म्हणाला.

"एक वेल पडायला आला होता, त्याला बांधली, महाराज. सुरई काही पडत नव्हती."

राजा फार हुशार होता असं नाही. पण त्याला इतर राजांना नसलेली एक सवय होती. न कळलेलं तो विचारून टाकी. तो म्हणाला, "चाखणीस, डोळ्यांवर पट्टी असताना सुतळी असली काय आणि नसली काय, तुम्हांला काय फरक पडतो?"

शेटजी चाखणीसाच्या कानाशी वाकले. "आसव बदललंय एवढं म्हणा. नुसती मान हलवली तरी पुरे."

मान हलवणं तर किती सोपं. तीस वर्षांचं नाव राहिलं असतं, शाल राहिली असती आणि गडी कुदळी उचलून उताराकडं चालू लागले असते. चाखणीसानं खाली पाहिलं. त्याचा अंगठा आणि तर्जनी अजून एकमेकांवर घासत होती. नसलेल्या सुतळीवरच्या गाठी मोजत होती.

त्यानं मूठ मिटली.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "सगळ्या सुरयांच्या सुतळ्या काढा. जागा बदला. ओतायला दुसरं कोणी घ्या. आणि माझे हात मागं बांधा."

पट्टी पुन्हा चढली, हात मागं बांधले गेले. अकरा वेळा गर्दीनं श्वास धरला, बाराव्या वेळी कंटाळून सोडला. चाखणीसाला फार वेळ लागत होता. एकेक घोट तो तोंडात असा धरून बसे, की जणू परक्या गावात घर शोधतोय. यावेळी जांभूळ आलं नाही की चंदन आलं नाही. तो फक्त सांगत गेला, हे पुढं ठेवा, हे मागं ठेवा.

शेटजींचं आसव पहिलं आलं. चांगलंच होतं ते, खोटं कशाला बोलायचं? हौसाचं तिसरं आलं. आठ गाठींचं एक होतं, ते शेवटून दुसरं आलं आणि त्याचा मालक आपण तिथं नव्हतोच अशा चेहऱ्यानं घरी गेला.

शेटजी छाती फुगवून म्हणाले, "पाहिलंत, महाराज? पहिलं ते पहिलंच."

"पहिल्यात आणि तिसऱ्यात फरक किती?" राजानं विचारलं.

"फरक आहे, महाराज," चाखणीस म्हणाला. "एका गाठीचा."

"पण शेटजींच्या सुतळीला तर सात गाठी जास्त आहेत. बाकीच्या सहा गेल्या कुठं?"

चाखणीसानं हात पुढं करू पाहिले, पण ते मागं बांधलेले होते. "त्या माझ्या बोटांनी चाखल्या," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. हसायचं तर तीस वर्षं डोलावलेल्या स्वतःच्या मानांना हसावं लागलं असतं.

राजानं वेल उपटायचा नियम मोडला. यापुढं पारखीआधी सुतळ्या काढायच्या, असा नवा केला. कुदळीवाले गडी आले तसे परत गेले. दुपारच्या आत हौसाच्या सुरया रिकाम्या झाल्या आणि तिनं गाठ एकही वाढवली नाही. शेटजी मात्र भाव उतरवायला आठवडाभर ओट्यावर बसून सुतळीच्या गाठी सोडवत होते. जुनी गाठ पक्की बसलेली असते, नखं तुटतात. चाखणीसानं शाल आपणच घडी घालून राजापुढं ठेवली. राजानं ती परत दिली नाही.

काही दिवसांनी चाखणीस दोन नाणी घेऊन हौसाच्या मळ्यावर गेला. बांधावर बसला. हौसानं भाकरी दिली, वाटीत आसव दिलं. त्यानं ते सावकाश घेतलं, थुंकलं नाही. आणि पोटात पडल्यावर माणसाला शहाणपण सुचतं, तसं त्यालाही सुचलं.

"हौसाबाई," तो म्हणाला, "आयुष्य गेलं तेव्हा एक गोष्ट कळली. मोल आधी कळलं की जीभ खरं बोलत नाही. म्हणून माणसानं आधी चाखावं, मग मोल विचारावं."

हौसानं वर पाहिलं. वरच्या उतारावर, जिथं तिच्या सासऱ्यांचे वेल होते, तिथं ज्वारी कापणीला आली होती.

"बोध चांगला आहे, चाखणीस," ती म्हणाली, "पण आहे दोन गाठींचा. आम्ही त्याला अख्खा मळा मोजला."