अनवाणी सोमवार

“मग देवाने माझा नवस ऐकला की नाही ऐकला, तेवढं सांगा बुवा!”

हे विचारतच द्वारकाकाकी मठाच्या ओट्यावर टेकल्या. डोंगर चढून आल्याने धाप लागली होती. पण धापेपेक्षा राग जास्त होता.

दामूबुवा सुंभ वळत बसले होते. मांडीवर काथ्या, डोळे काथ्यावर. माघ सरत आला होता. खाली वाडीतल्या काजूंचा मोहर वाऱ्याबरोबर इथवर वास देत होता.

“काय मागितलं होतंस?”

“साऱ्या वाडीला ठाऊक आहे.”

“मी वाडीत नसतो.”

काकींनी पदराने कपाळ टिपलं आणि सांगायला घेतलं. नवसाची गोष्ट सांगायची त्यांना सवयच झाली होती. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, सगळं बसलेलं.

वाडी आणि मोठा रस्ता यांच्या मधोमध वहाळ, पावसात दुथडी भरून वाहणारा ओढा. दवाखाना पलीकडे, शाळा पलीकडे, रिक्षासुद्धा पलीकडेच उभी राहते. पाच वर्षांमागे मतं मागायला भाऊसाहेब आले. उन्हाळा होता, वहाळ कोरडा. त्यांनी पात्रात उभं राहून सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात माझ्या आयाबहिणींचे पाय भिजणार नाहीत. त्याच संध्याकाळी काकी रामेश्वरासमोर उभ्या राहिल्या. हा माणूस निवडून येऊ दे, वहाळावर पूल होऊ दे. त्या पुलावर पाय ठेवीन तोवर पायात काही घालणार नाही.

“माणूस आला निवडून?”

“आला की! गुलाल उधळला, आम्ही ओवाळलं. वहाळाशी नारळ फोडला, नावाची कोनशिला बसवली.”

“आणि पूल?”

काकी हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

“कोनशिलेवर आम्ही कपडे धुतो बुवा. दगड मात्र चांगला दिलाय हो, गुळगुळीत.”

बुवाही हसले. सुंभाचा पीळ सुटला, तो त्यांनी पुन्हा धरला.

“हसू नका. दोन वर्षांमागे श्रावणात सुनेला कळा सुरू झाल्या. खुर्चीला बांबू बांधले, चौघांनी उचलली. वहाळाला छातीभर पाणी! पलीकडे रिक्षा उभी, अलीकडे छत्रीखाली नात जन्माला आली. नाळ मी कापली.”

“पोर बरी आहे?”

“बरी आहे. वाडीभर पळते.” काकींचा आवाज खाली आला. “सुनेला पुन्हा दिवस गेलेत. आषाढात भरतील…”

बुवांचे हात थांबले.



“आणि आता उद्या रविवारी भाऊसाहेब पुन्हा येतायत,” काकी म्हणाल्या. “तबक माझ्या हाती द्यायचं ठरलंय. अनवाणी काकींनी ओवाळलं की शुभ म्हणे! मी म्हणते, दार लावून घेते. मतही देत नाही, ह्याला नाही नि दुसऱ्यालाही नाही. सगळे एका माळेचे मणी. फक्त नवसाचं काय ते सांगा. देवाने अर्धा ऐकला, अर्धा नाही. मी तो पाळायचा की सोडायचा?”

“पाच वर्षं अनवाणी?”

“एक दिवस चुकला नाही.” काकींनी पाय जरा पुढे घेतले. टाचांच्या भेगांत लाल माती कायमची बसली होती. “दर सोमवारी तालुक्याच्या रामेश्वराला जाते. चार मैल जायचे, चार यायचे. मे महिन्यात डांबर उकळत असतं, तेव्हासुद्धा. बाया वाटेत पाया पडतात माझ्या.”

“देवळात जाऊन काय सांगतेस?”

“आठवण करते. देवा, पुलाचं तेवढं बघ.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी.”

“रामेश्वर विसराळू आहे का गं?”

काकींनी पटकन कानाला हात लावला. “अहो, काय बोलता! त्याला कसला विसर? त्याला सगळं ठाऊक असतं.”

“आणि भाऊसाहेब?”

“तो? निवडून आला त्या दिवशीच विसरला!”

“त्याला किती वेळा आठवण केलीस?”

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या.

बुवा पुन्हा सुंभ वळू लागले.

“तो भेटतो कुठे?” त्यांनी विचारलं.

“तालुक्यालाच. रामेश्वराच्या वाटेवर त्याचं कार्यालय आहे. बाहेर बोर्ड लावलाय भला मोठा. दर सोमवारी सकाळी दहा ते एक…”

काकींनी वाक्य तिथेच सोडलं.

पाच वर्षांतल्या एकेका सोमवारी तो बोर्ड त्यांनी वाचला होता. त्याच्याच सावलीत क्षणभर उभं राहून भाजणारे तळवे निववले होते. आणि मग पुढे, देवाकडे.

“म्हणजे चूक माझीच म्हणायची!” काकींचे डोळे भरून आले.

“चूक त्याची. सोळा आणे त्याची.” बुवांनी सुंभाला गाठ मारली. “पाय मात्र तुझे.”

“मी एकटी बाई जाऊन काय होणार? दारातला माणूस आत तरी सोडेल?”

“सोमवारी देवळात एकटी जातेस?”

“नाही. आठ-नऊ जणी असतो.”

“देवळाचं दार बंद असलं तर?”

“बसतो पायरीवर. उघडेपर्यंत.”

बुवांनी नवा काथ्या मांडीवर घेतला.

“आणि हा पडला, दुसराच कुणी आला, तर?” काकींनी शेवटचं म्हणून विचारलं.

“बोर्ड त्याचाही लागेल.”

काकी खाली पाहत राहिल्या. मनात एक गोष्ट सलत होती. ती बोलावी की नाही कळेना. बुवांनीच ती काढली.

“अनवाणी आहेस म्हणून बाया पाया पडतात. पूल झाला, पायात वहाणा आल्या, मग कोण पडेल?”

हे लागलं. काकींचा चेहरा उतरला. रागाने नव्हे; आपलंच काही लपवलेलं कुणी समोर आणून ठेवावं, तसा.

त्या हळूच म्हणाल्या, “उद्या ओवाळू की नको?”

“ओवाळ. दिवा जवळ नेला की तोंड नीट दिसतं. सोमवारी ओळखायला बरं.”

काकींना रडता रडता हसू फुटलं.

बुवा उठले. आत जाऊन आपल्या वहाणा घेऊन आले. त्यांच्याजवळ हा एकच जोड. टाचेकडे झिजलेला, पट्ट्यांना ठिगळं. गुरुपौर्णिमेला सारी वाडी याच वहाणांवर फुलं वाहत असे. त्यांनी त्या काकींच्या पुढ्यात ठेवल्या.

काकी हरखल्या. पाच वर्षांच्या तपाचा हा प्रसाद! डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी वहाणा दोन्ही हातांनी उचलल्या, कपाळाला लावल्या आणि मस्तकावर धरल्या. डोळे आपसूक मिटले.

“डोक्यावर नको गं,” बुवा म्हणाले. “पायात घाल. सोमवार परवावर आलाय.”