बिननावाच्या रोपांनी सांगितली नावं

गुळगुळीतपूर नावाच्या गावात मंजुळी नावाची एक चिमुरडी राहायची. तिला बाबा नव्हते. आई केरसुण्या बांधून विकायची, आणि केरसुण्या खपल्या नाहीत की घरात दाणा नसायचा. तेव्हा मंजुळी अंगणात जायची. एवढंसं अंगण, पण काय नव्हतं तिथे! गुलाबी शेंड्यांचा कुर्डू, पिवळ्याधमक फुलांचा टाकळा, लालचुटुक देठांची घोळ, निळ्या निळ्या फुलांचा केना. मूठभर पाला खुडला की मायलेकींची भाजी व्हायची.

पण सुखानं जगू देईल तर ते गुळगुळीतपूर कसलं! चौकात हा मोठा फळा लावला होता: ‘दारात मखमली गवत लावावे. ते चार बोटांहून जास्त वाढू देऊ नये. नाव नसलेले रोप म्हणजे तण, ते उपटावे.’ दगडूआबा मुकादम विळा घेऊन दारोदार फिरायचे. आबांना एकाही रोपाचं नाव ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळंच तण दिसायचं. आता बोला!

एका संध्याकाळी ते मंजुळीच्या दारात आले. “पोरी, उद्या सकाळी हे सगळं उपटणार.”

“आबा, मग आम्ही खायचं काय?”

“ते फळ्यावर लिहिलेलं नाही,” म्हणत आबा चालू लागले.

मंजुळी डोळे पुसत अंगणात बसली. हातात शिळ्या भाकरीचा तुकडा होता. तोच कुणीतरी करवादलं, “मेलं हे गाव! सगळं पालथं घातलं, टेकायला एक फूल नाही!”

बघते तर काय, केन्याच्या पानावर अंगठ्याएवढी परी! तेरड्याच्या पाकळ्यांचा गुलाबी झगा, चिमुकला चमचमता मुकुट, आणि उन्हानं मलूल झालेले सोनेरी पंख. मंजुळीनं अर्धी भाकरी कुस्करून तिच्यापुढे ठेवली, पानाच्या द्रोणातून पाणी पाजलं. परीचे पंख पुन्हा झळाळले.

“गुणाची गं बाय! माग काय हवं ते. पण एकच इच्छा हं. स्वतःसाठी मागायचं नाही, आणि गावचा नियम मोडायचा नाही.”

“माझं अंगण वाचव!”

“माझं म्हणालीस. नामंजूर.”

“बरं, कुर्डूचं अंगण वाचव.”

“नियम मोडतो. नामंजूर.”

“मग मागू तरी काय, कपाळ माझं?” मंजुळीनं पाय आपटले.

“माझ्यावर काय चिडतेस? मलाही वर जाब द्यावा लागतो!” परीही वैतागली.

“अगं, नावं आहेत ना सगळ्यांना! हा कुर्डू, ही घोळ! आबांना माहीत नाहीत, त्यात ह्या बिचाऱ्यांचा काय दोष? गावातल्या सगळ्या रोपांना आपापलं नाव सांगता येऊ दे. त्यांच्यासाठी मागते!”

“मंजूर! सुटले बाई एकदाची!” परीनं छडी फिरवली आणि रुपेरी चुरा गावभर भुरभुरला.

सकाळी आबांनी विळा उगारला मात्र, खालून आवाज आला, “नमस्कार आबा, मी कुर्डू.”

आबा टुणकन उडाले.

“मी टाकळा. बसा ना जरा.”

“आणि मी घोळ. पाय उचला हो, माझी पोरं चेंगरताहेत!”

“गप्प बसा!” आबा ओरडले.

“असं कसं? ओळखपाळख नको? तुम्ही कोणत्या गावचे? घरी कोण कोण असतं?”

“अरे देवा, डोकं उठवलंत! नावं आहेत म्हणजे तण नाही. नियम म्हणजे नियम!” आबा कान झाकून घरी पळाले. मंजुळी त्यांच्यामागे धावली.

आबांच्या दारात हिरवंगार मखमली गवत होतं. आबांनी दमून विचारलं, “आणि तुझं रे नाव काय?”

गवत मुसमुसायला लागलं. “ठाऊक नाही. आम्हाला गुंडाळून आणलं, इथे अंथरलं. नाव कुणी सांगितलंच नाही.”

आबा मटकन खाली बसले. “नाव नाही म्हणजे हेच तण! आता सगळं गाव उपटू की काय?”

मंजुळीनं त्या रडणाऱ्या गवतावरून हात फिरवला. “नका हो आबा. त्याला नाव नाही, त्यात त्याचा काय दोष? मी त्याला मऊली म्हणेन. तुम्ही तो फळा काढा, म्हणजे सगळेच राहतील.”

“मऊली,” गवत हळूच म्हणालं आणि हसलं. आबांनी नाक ओढलं, चौकात गेले आणि फळा खाली उतरवला.

तेवढ्यात गवतावर परी उतरली. “ह्याच्यापायी तुझं घर उपाशी राहणार होतं, आणि तू त्यालाच नाव देतेस? धन्य आहे तुझी! आजपासून तुझ्या आईच्या चुलीवरचं भांडं कधी रिकामं राहणार नाही.”

“पण स्वतःसाठी मागायचं नाही ना?”

“मागायचं नाही, एवढाच नियम आहे. मी द्यायचं नाही, असं कुठे म्हटलंय?”

परी खुदकन हसली. सोनेरी उजेडाचा झोत उसळला आणि परी त्यात दिसेनाशी झाली. मंजुळी धावत घरी आली, तर आई चुलीपुढे उभी होती आणि भांडं भाजी-भातानं काठोकाठ भरलं होतं.